नव्या विश्वासणाऱ्यांची काळजी घेणारे सहकारी कसे घडवावेत?

आपण लिहिले आहे की, आपल्या तालुक्याच्या गावातील मंडळीत (चर्चमध्ये) गेल्या वर्षभरात दहा-बारा जण नव्याने प्रभूकडे वळले आहेत, त्यांच्याकडे लक्ष देण्यासाठी सहा सहकारी आनंदाने पुढे आले आहेत, आणि या सहा जणांना कोणती पुस्तिका द्यावी व किती आठवड्यांचा वर्ग घ्यावा, हे आपल्याला समजत नाही. अहिल्यानगर आणि बीड या जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांत मी 28 वर्षे पाळकीय सेवा केली आहे, आणि त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की वर्ग नंतर घ्यावा. आधी सहकाऱ्याला आपल्यासोबत लोकांच्या घरी न्यावे. नवा विश्वासणारा हा एकटा माणूस नसतो. त्याला घर असते, त्या घरात सासू असते, नवरा असतो, सणवार असतात, भाऊबंद असतात. ज्या सहकाऱ्याला ते घर दिसत नाही त्याला कितीही वचने पाठ असली तरी त्या माणसाची काळजी घेता येत नाही, आणि घर पाहायला वर्गात शिकवता येत नाही.

हे मला उशिरा कळले. सेवेच्या पहिल्या काही वर्षांत मीही बारा आठवड्यांचा वर्ग घेत असे, शेवटी परीक्षा घेत असे आणि उपासनेत सर्वांसमोर प्रमाणपत्रे देत असे. वर्ग चांगलाच होता, पण त्यातून तयार झालेल्या सहकाऱ्यांकडे जे नवे विश्वासणारे सोपवले त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जण वर्षभरात उपासनेला येईनासे झाले. कारण विचारले की सहकारी सांगत, ‘घरच्यांचा विरोध आहे.’ त्या विरोधाला आपण स्वतः किती खतपाणी घातले होते हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

एका संध्याकाळी वर्गातील सर्वांत हुशार तरुणाबरोबर मी एका घरी गेलो. सुमारे तीस वर्षांची एक बाई काही महिन्यांपासून प्रार्थनेला येत होती. त्या तरुणाने चटईवर बसताक्षणी बायबल उघडले, योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढला, चाळीस मिनिटे उत्तम विवेचन केले, प्रार्थना केली, आणि आम्ही उठलो. परतीच्या वाटेवर मी त्याला विचारले, ‘घरात कोण कोण होते?’ तो म्हणाला, ‘ती ताई होती, आणि बहुतेक तिची सासू.’ मी त्याला जे दिसले होते ते सांगितले. उंबऱ्यापाशी सासू सुपात बाजरी निवडत बसली होती आणि ‘नव्याने जन्म’ हे शब्द आले तेव्हा तिचा हात दोनदा थांबला होता. दाराबाहेर नवऱ्याच्या चपला होत्या, म्हणजे तो आत होता, आणि आम्ही बोलायला लागल्यावर आतल्या टीव्हीचा आवाज बंद झाला होता. ज्या बाईला आपण शिकवत होतो तिची नजर बायबलकडे नव्हती, सासूच्या हाताकडे होती. तो तरुण बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मी फक्त पुस्तकाकडे पाहत होतो.’

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला आणि या वेळी आधी आजींजवळ जाऊन बसला. त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, यंदा बाजरी कशी झाली ते विचारले. थोड्या वेळाने आजींनीच मनातले बाहेर काढले : ‘बाबा, ही सणाला माझ्या चुलीपाशी उभी राहणार का नाही, तेवढं मला सांग.’ त्या घरात विरोध होता तो एवढ्या एका भीतीपोटी. सून तुटणार, सणाच्या दिवशी पुरण एकटीने वाटावे लागणार, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, ही ती भीती होती. त्या दिवशी बायबल उघडलेच नाही. सुनेने स्वतःच सासूला सांगितले की स्वयंपाक दोघी मिळून करू; नैवेद्य दाखवायला मात्र मी पुढे येणार नाही, एवढे मला माफ करा. आजींना ते आवडले नाही, पण त्यांची भीती गेली. त्यानंतर आमच्या भेटींना त्या घरात कोणी अडवले नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या, आणि पुढची काही वर्षे पती-पत्नी वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. एकत्र राहायला आल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे पाळले, आणि जातीभेदाचा विचार त्यांच्या मनातून गेला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातील हा भाग मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला वाचायला लावतो. साहित्य म्हणून ते पुस्तक थोर आहेच, परंतु माझा हेतू वेगळा आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्याची साक्ष आपण नेहमी ऐकतो. तो बाप्तिस्मा ज्या घरावर कोसळतो त्या घराची बाजू इतक्या प्रामाणिकपणे सांगितलेली क्वचितच ऐकायला मिळते. वाचून झाल्यावर मी एकच प्रश्न विचारतो : त्या काळात तुम्ही टिळकांच्या मंडळीत असता, तर लक्ष्मीबाईंसाठी काय केले असते? या प्रश्नावर एक संपूर्ण संध्याकाळ जाते आणि ती पुस्तिकेच्या चार धड्यांहून अधिक उपयोगी पडते.

आता निवडीविषयी. पुढे आलेल्या सहाही जणांना एकदम हे काम देऊ नये. चांगला उपदेशक हा चांगला सांभाळणारा असेलच असे नाही. पुष्कळदा नसतो, कारण त्याला बोलण्याची सवय असते. ज्याच्याकडे लोक आपणहून मन मोकळे करतात, ज्याला सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी गावभर होत नाही, ज्याच्या स्वतःच्या घरात त्याच्याविषयी आदर आहे, तो माणूस शोधावा. आमच्या मंडळीत हे काम सर्वांत चांगले केले ते शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या एका मावशींनी. त्यांना जेमतेम वाचता येत असे, पण कोणत्या घरात चूल पेटलेली नाही हे त्यांना दारातूनच कळत असे.

बर्णबाचे उदाहरण सहकाऱ्यांसमोर सावकाश ठेवावे, कारण नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात या कामाचे एवढे स्पष्ट चित्र दुसरे नाही. यरुशलेमेतील शिष्य पूर्वी मंडळीचा छळ करणाऱ्या शौलाला (पुढे तोच प्रेषित पौल) भीत होते तेव्हा बर्णबाने त्याला जवळ घेऊन प्रेषितांकडे नेले, हे नवव्या अध्यायात आहे. अकराव्या अध्यायात अंत्युखियातील नव्या विश्वासणाऱ्यांची संख्या वाढल्यावर तो शौलाचा शोध घेण्यासाठी तार्सास जातो, त्याला घेऊन येतो, आणि दोघे मिळून वर्षभर त्या मंडळीत शिकवतात. इथे नव्या विश्वासणाऱ्यांची काळजी आणि सहकाऱ्याची घडण एकाच वेळी, एकाच ठिकाणी चालली आहे. बर्णबाने आधी शौलाला तयार केले आणि मग पाठवले असे घडले नाही. येशूने बारा जणांना नेमले तेव्हाही, मार्काच्या तिसऱ्या अध्यायात, पाठवण्याच्या आधी ‘त्यांनी आपल्याबरोबर असावे’ हे आले आहे.

प्रत्यक्षात मी असे करतो. पहिल्या चार-पाच भेटींत सहकाऱ्याने माझ्याबरोबर यायचे आणि बोलायचे नाही. नमस्कार, चहा, विचारपूस एवढेच. परतताना वाटेत आम्ही बोलतो, आणि मी तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो : घरात कोण होते, कोण काय म्हणाले नाही, आणि आपण निघताना त्या माणसाचे मन हलके होते की जड. पुढच्या चार-पाच भेटींत त्याने बोलायचे आणि मी गप्प बसायचे. हा भाग पाळकाला फार कठीण जातो, मला अजूनही जातो, कारण सहकारी चुकतो आहे हे दिसत असताना मध्ये बोलायचे नसते. एखाद्याचे अहित होत असेल तरच बोलावे. त्यानंतर त्याला दुसऱ्या सहकाऱ्याबरोबर पाठवावे, एकटे कधीही नाही. पुरुषाने पुरुषाकडे आणि स्त्रियांनी स्त्रीकडे जावे, किंवा विवाहित जोडप्याने मिळून जावे. भेट घरच्यांच्या समोर किंवा ओट्यावर व्हावी, बंद दाराआड नाही. लहान मुलांच्या बाबतीत हा नियम अधिकच कडक पाळावा. एका जोडीकडे दोन किंवा तीनच नवे विश्वासणारे द्यावेत. नोकरी, शेती, संसार सांभाळून याहून अधिक घरांकडे मनापासून लक्ष देता येत नाही.

नव्या विश्वासणाऱ्याकडून पहिल्या वर्षात हमखास येणारे प्रश्न म्हणजे गणपतीच्या वर्गणीचे काय करू, प्रसाद हातात दिला तर घेऊ का, कुलदैवताच्या जत्रेला भावांबरोबर जाऊ का, वडिलांच्या वर्षश्राद्धाला बसू का. सहकाऱ्याचा कल लगेच निकाल देण्याकडे असतो आणि तो निकाल बहुधा ‘नाही’ असतो. असा निकाल देऊ नये, हे मी आग्रहाने शिकवतो. या प्रश्नांना उत्तर नाही असे नव्हे. पण उसने घेतलेले उत्तर घरच्यांसमोर टिकत नाही. भाऊ विचारतो, ‘का येणार नाहीस?’ आणि हा म्हणतो, ‘आमच्या पाळकांनी सांगितले आहे.’ त्या क्षणी त्याची श्रद्धा भावाच्या नजरेत परक्यांचा हुकूम ठरते. त्याऐवजी करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठवा, नववा आणि दहावा हे तीन अध्याय त्याच्याबरोबर बसून सलग वाचावेत. मूर्तीच्या उपासनेत भाग घ्यायचा नाही हे पौल तिथे निःसंदिग्धपणे सांगतो, आणि त्याच अध्यायात विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले तर चौकशी न करता जेवा असेही सांगतो. हे अर्पण केलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले तरच, त्या सांगणाऱ्यासाठी, ते खाऊ नये. उपासना आणि शेजारधर्म यांतला हा फरक त्या माणसाने स्वतः शोधला की तो आपल्या भावाशी आपल्या शब्दांत बोलतो. मंगळसूत्र, कुंकू, बांगड्या यांविषयी कोणत्याही सहकाऱ्याने कोणत्याही बाईला काहीही काढायला सांगू नये. नाव बदलण्याचा आग्रहही धरू नये. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी आणि नारायण वामन टिळक आपापल्या नावांनीच शेवटपर्यंत ख्रिस्ताची सेवा करत राहिले.

आपल्या भागातही ऊसतोड करणारी कुटुंबे असतील, म्हणून एक गोष्ट वेगळी सांगतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. टोळीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे मनात आले म्हणून परतता येत नाही. बारा आठवड्यांची कोणतीही योजना इथे मोडते. पावसाळ्यात बाप्तिस्मा झाला आणि दिवाळीनंतर ते जोडपे पाच-सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यातल्या खोपीत गेले, तर आपण त्यांना ‘थंड पडले’ म्हणतो. वास्तविक त्यांना एकटे आपण सोडलेले असते. अशा कुटुंबासाठी सहकाऱ्याने निघण्याआधीच तयारी करावी. फोनमध्ये ध्वनिमुद्रित मराठी नवा करार घालून द्यावा, कारण पहाटे अंधारात फडावर जाणाऱ्या माणसाला वाचायला उजेड नसतो, आणि पुष्कळांना वाचताच येत नाही. प्रभूची प्रार्थना आणि दोन-तीन गीते तोंडपाठ करून घ्यावीत. आपल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील टिळकांची गीते यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटतात, ती आपल्या अभंगाच्या वळणाची आहेत, चार वेळा म्हटली की बसतात, आणि मोळ्या बांधताना म्हणता येतात. कारखान्याच्या परिसरात एखादी मंडळी असेल तर तिच्या पाळकांना आधी कळवावे. आणि हंगामात एकदा तरी जोडीने त्या खोपीवर जाऊन यावे. एकदा असे गेलो असता त्या बाईने मला विचारले, ‘रविवारी तोड बंद नसती, मग माझी उपासना होती का?’ माझ्यासोबतच्या सहकाऱ्याने उत्तर दिले नाही. तो तिच्यासोबत मोळ्या उचलायला लागला आणि दुपारी भाकरी खाताना तिथेच सर्वांनी मिळून प्रार्थना केली. त्या दिवशी मी त्याला पूर्ण तयार समजलो.

काही मर्यादा मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत घालून द्याव्यात, आणि त्या ओलांडणाऱ्याला कामावरून थांबवण्याची तयारी ठेवावी. प्रार्थनेनंतर बरे वाटले म्हणून कोणालाही औषध बंद करायला सांगायचे नाही. क्षयरोगाचे औषध निदान सहा महिने पूर्ण घ्यावे लागते. खोकला थांबला म्हणून ते मध्येच सोडले तर आजार उलटतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला ‘आजपासून थेंबही नको’ म्हणून घरी सोडून येऊ नये. दारू एकदम तुटली तर झटके आणि भ्रम होऊन जिवावर बेतू शकते, म्हणून त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे. पुण्यात 1986पासून काम करणारे मुक्तांगण किंवा जवळचे एखादे व्यसनमुक्ती केंद्र यांची माहिती प्रत्येक जोडीकडे असावी. डॉक्टरांकडे पाठवणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे मानणारा सहकारी माझ्या दृष्टीने या कामाला अपात्र आहे. उसने पैसे देऊ नयेत आणि घेऊ नयेत. गरज असेल तर मंडळीच्या मदतनिधीतून, मंडळीच्या वडीलजनांच्या निर्णयाने, आणि विश्वास ठेवण्याशी त्याचा काडीचाही संबंध न जोडता मदत व्हावी.

बाप्तिस्म्याचे आणि साक्षीचे फोटो स्टेटसला टाकू नयेत. आपल्या आनंदाचा फोटो त्या माणसाच्या वस्तीत दुसऱ्याच कारणाने फिरतो आणि त्याचे परिणाम तो एकटा भोगतो. अनुसूचित जातीतून आलेल्या व्यक्तीला बाप्तिस्म्याआधीच खरे सांगावे की, 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे आणि ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. ‘कागदावर काही सांगू नका’ असा सल्ला अनेक जण प्रेमापोटी देतात. पण ज्याने नुकताच सत्याचा स्वीकार केला त्याला पहिल्याच पावली लपवाछपवी शिकवणे मला कधीही पटले नाही. त्याला वकिलाकडे न्यावे, विचार करायला वेळ द्यावा, आणि त्याने थांबायचे ठरवले तर त्याच्यावरचे आपले प्रेम तसूभरही कमी होऊ देऊ नये.

पुस्तिकेबद्दल आपण विचारले होते. पहिल्या वर्षासाठी मार्काचे शुभवर्तमान पुरते. त्याचे सोळा अध्याय मोठ्याने, संथपणे वाचावेत, आणि प्रत्येक भेटीत ‘येशू इथे कोणाशी कसा वागला’ एवढेच विचारावे. सोबत दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचे संक्षिप्त कथन. दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग देणे), अंत्यकाळ, निरनिराळ्या मंडळ्यांमधील मतभेद हे विषय सहकाऱ्यांना फार आवडतात. ते पहिल्या वर्षात काढू नयेत.

महिन्यातून एकदा सर्व जोड्यांना एकत्र बसवावे, आणि त्या बैठकीत किती भेटी झाल्या हे विचारण्याऐवजी सहकाऱ्यांची स्वतःची विचारपूस करावी. हे काम माणसाला आतून थकवते. दुसऱ्याच्या घरातील भांडण ऐकून आलेला सहकारी आपल्या घरी अबोल होतो आणि त्याच्या पत्नीला कारण कळत नाही. याच बैठकीत आणखी एका गोष्टीवर नजर ठेवावी. ‘माझा विश्वासणारा’, ‘माझी कुटुंबे’ असे शब्द कोणाच्या तोंडी येऊ लागले, तर त्याला एकांतात घेऊन प्रेमाने बोलावे. नवा विश्वासणारा प्रत्येक लहान-मोठ्या गोष्टीसाठी सहकाऱ्याला फोन करतो, याचा सहकाऱ्याला सुरुवातीला आनंद वाटतो. वर्षभरानंतरही फोन तितकेच येत असतील तर आपण त्याला देवासमोर उभे राहायला शिकवलेले नाही, आपल्यासमोर उभे राहायला शिकवले आहे. दुसऱ्या वर्षी त्यालाच जोडीतला दुसरा माणूस म्हणून सोबत न्यायला सुरुवात करावी. त्या बाजरी निवडणाऱ्या आजींच्या सुनेला आम्ही असेच सोबत घेतले, आणि नव्या घरात गेल्यावर ती पहिल्यांदा कोणाजवळ जाऊन बसते हे मला कधी शिकवावे लागले नाही.

तेव्हा आपल्या सहा जणांपैकी आधी दोघांनाच निवडा आणि पुढचे तीन महिने आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवा. उरलेल्या चौघांचा हिरमोड होईल. त्यांना कारण मोकळेपणाने सांगा आणि तोवर त्या दहा-बारा घरांतील प्रत्येक व्यक्तीचे नाव, विश्वास न ठेवणाऱ्यांसकट, माहीत करून घेऊन त्या सर्वांसाठी नावानिशी प्रार्थना करण्याचे काम त्यांच्याकडे द्या. त्यांची पाळी येईल तेव्हा ती नावे त्यांच्या ओळखीची झालेली असतील.